जसंच्या तसं

कुतैसीत रात्रीचे अकरा,
आणि त्सिआला बाईंच्या पडद्यावरून
तीन ओळी गायब.
तिकडे ओनीचा रस्ता बर्फानं बंद,
म्हणून सातवीचा धडा जालावर ठेवलेला:
बर्फ कुंपणाच्या उंचीपेक्षा कमी आहे
तोवर दिवस मोजत राहा.
एवढाच प्रोग्राम. पोरांना पेलेल असा.

बाईंनी लिहिला होता नीटच.
'पेक्षा कमी'ची टोकदार खूण,
तिला चिकटून एक अक्षर,
आणि ब्राउझरला वाटलं, ही आपल्यालाच आज्ञा.
पुढं 'पेक्षा जास्त'ची खूण भेटेपर्यंत
मधलं सगळं त्यानं गिळलं,
ढेकरसुद्धा न देता.
कंसात सापडलं ते वाचलं नाही,
दोन्ही अर्थांनी.

उरलं त्याचीही रया गेलेली.
चार-चार जागा सोडून आत ढकललेल्या ओळी
डाव्या भिंतीला टेकून उभ्या,
कोण कुणाच्या पोटातली, कळेना.
सरळ अवतरणचिन्हं जाऊन
जॉर्जियन वळणाची आलेली,
एक जोडी जमिनीलगत, दुसरी डोक्यावर,
पत्रात शोभतील अशी.
यंत्राला कुणी पत्र लिहीत नाही.

दुपारी पिक्रियाचा निरोप होता:
"बाई, मी अक्षर न् अक्षर उतरवलं.
चौथ्या ओळीत चूक आहे म्हणतंय.
माझं काय चुकलं?"
ते बाईंना लागलं.
बारा वर्षांची मुलगी
आधी स्वतःलाच तपासून बघते.

मग खुणेच्या जागी खुणेचं नाव लिहिलं:
अँपरसँड, एल, टी, अर्धविराम.
म्हणजे ब्राउझर खूण दाखवेल, पाळणार नाही.
नाटकात कुणी 'आग!' ओरडलं
तर प्रेक्षक बसूनच राहतात, तसं.
पान जतन केलं.
पण जतन करणाऱ्या यंत्रणेनं आगाऊपणा करून
अँपरसँडचंही नाव लिहून टाकलं,
आणि पडद्यावर खूण नाहीच,
पाहुण्याला बोलवावं
आणि दारात त्याच्या नावाची चिठ्ठी उभी असावी,
तसं झालं.
बाई एकट्याच हसल्या, खुर्ची मागं सरकवून.

टेबलावर कागद उडू नयेत म्हणून
शिशाचा एक तुकडा असतो, बोटाच्या पेराएवढा.
वडील, बिचिको, रिओनीकाठच्या छापखान्यात
खिळे जुळवायचे.
या तुकड्यावर अक्षर नाही.
दोन शब्दांच्या मधे बसायचा,
अक्षरांहून बुटका, म्हणून शाई लागायची नाही.
हा कशाचा? तिनं लहानपणी विचारलं होतं.
"कशाचाच नाही. काढून बघ."
काढला,
तर अख्खी ओळ खडखडत तिच्या ओंजळीत.
त्या दिवशी वडील जेवायला उशिरा आले.

पावणेदोनच्या सुमारास
बाईंनी ओळींभोवती 'जसंच्या तसं'ची चौकट घातली.
तिच्यात प्रत्येक अक्षराला सारखीच खोली,
रिकाम्या जागेलाही.
अवतरणं एकेक करून सरळ केली,
वाकलेले खिळे ठोकून करतात तशी,
हे खिळे वेगळे.
मग क्षणभर पिक्रिया होऊन
पानावरूनच सगळं उचललं,
दुसऱ्या खिडकीत चिकटवलं,
चालवलं.
आणि चहा गार झालेला आठवला.

सकाळी ओनीहून उत्तर.
पहिल्या ओळीत नुसता आकडा: सतरा.
त्याखाली:
"बाई, पण मी खिडकीतून मोजलंय.
आमचं कुंपण चौदाव्याच दिवशी बुडालं.
शाळेची पट्टी चुकीची असेल का?"